चिनी फुलं-पाखरांच्या चित्रांतलं कमळ: नेमकं बघायचं काय?

चित्रवेडी:
मंडळी, सध्या चिनी चित्रकलेतल्या ‘फुलं-पाखरं’ या प्रकाराने झपाटून टाकलंय. डोंगर-नद्यांची चित्रं आणि माणसांची चित्रं यांच्या बरोबरीने तिकडे हा तिसरा मोठा प्रकार मानतात. त्यातही मी कमळांवर अडकले आहे.

दोन चित्रं समोर ठेवते. पहिलं दक्षिण सोंग काळातलं (११२७-१२७९), बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. गोल पंख्यासाठी रेशमावर काढलेलं, चित्रकाराचं नाव नाही. आकार जेमतेम २३.८ बाय २५.१ सेंमी. त्यात एकच गुलाबी कमळ पूर्ण उमललेलं, मागे हिरवी पानं. पाकळीच्या टोकाशी गुलाबी गडद आणि खाली येता येता पांढऱ्यात विरलेला, मध्ये हिरवा गाभा, भोवती पिवळे केसर. बघताक्षणी जीव जडला.

दुसरा चित्रकार बादा शानरेन (१६२६-१७०५). त्याचं कमळ म्हणजे काळी फरांटलेली पानं, वाकडेतिकडे लांबच लांब देठ आणि कुठेतरी कोपऱ्यात चार रेघांचं फूल. अर्धा कागद कोरा. जाणकार याला पहिल्याच्या तोडीचा मानतात, काही जण तर वरचढ. मला अजून त्याची वाट सापडलेली नाही. असं चित्र बघताना नजर कुठे ठेवायची? कोणी चिनी पद्धतीने शिकलं असेल तर मनापासून सांगा.

तळ्याकाठी:
उत्तम धागा. एकच सांगते, फूल शोधू नका, आधी पान बघा.

रानभूल:
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). जाणकारांच्या प्रतीक्षेत.

शाईचा_थेंब:
तळ्याकाठी यांच्याशी शंभर टक्के सहमत. मी सिंगापूरला एका चिनी गुरुजींकडे शाईची चित्रं शिकते. आमच्याकडे कमळाचा पाठ पानापासून सुरू होतो, फुलाला हात लावायला बराच काळ मिळत नाही.

पान कसं काढतात ते सांगते, म्हणजे बादा शानरेन बघायला सोपा जाईल. कागद शुआन, आन्हुई प्रांतातल्या चिंगश्येनचा. ‘निळं चंदन’ म्हणतात त्या झाडाची (आपलं चंदन नव्हे) साल आणि भाताचा पेंढा यांपासून करतात. या कागदाला खळ लावलेली नसते, त्यामुळे कुंचला टेकला की शाई आत गेलीच. खोडायची सोय नाही आणि त्याच जागी दुसऱ्यांदा फिरवलं तर लगेच कळतं. खाली लोकरी कापड अंथरलेलं असतं. बकरीच्या केसांचा जाड कुंचला आधी पाण्यात भिजवायचा, मग फिक्या शाईत, आणि फक्त टोक गडद शाईत. तो आडवा पाडून पानाच्या मध्यापासून बाहेर फटकारे मारायचे. एकाच फटकाऱ्यात काळ्यापासून धुरकट राखाडीपर्यंत सगळं उतरतं. पान अर्धवट ओलं असतानाच त्यावर शिरा ओढायच्या. उशीर झाला तर शिरा वरून चिकटवल्यासारख्या दिसतात, घाई केली तर फुटून पसरतात.

मग देठ. कुंचला उभा, टोक रेघेच्या बरोबर मधोमध, हात खांद्यापासून हललेला. देठ फार लांब असला तर एक रेघ वरून खाली आणि एक खालून वर आणून मध्ये जुळवतात. शेवटी दोन्ही बाजूंना बारीक ठिपके, ते देठावरचे काटे.

आता तुमच्या दुसऱ्या चित्रातले देठ परत बघा. प्रत्येक देठ एका दमात ओढल्यासारखा वाटतो. कुठे वेग घेतला, कुठे हात किंचित थांबला, सगळं तिथे दिसतं.

मालवणी_खाजा:
कमळाचा देठ काटेरी असतो हेच कित्येकांना ठाऊक नसतं. तळ्यात उतरून फुलं काढणाऱ्याला विचारा, पोटऱ्या सोलवटतात.

आणखी एक. आपल्याकडे नर्सरीत कमळ म्हणून जे देतात ते बऱ्याचदा कुमुद असतं, म्हणजे वॉटर लिली. तिचं पान पाण्यावर पसरतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत चीर असते. खऱ्या कमळाचं मोठं पान पाण्याच्या वर उभं राहतं, पूर्ण गोल असतं आणि देठ मधोमध जोडलेला असतो. चिनी चित्रांत पानं अशी छत्रीसारखी उभी का, हा प्रश्न पडत असेल तर उत्तर हे. चित्रकाराने नाटक केलेलं नाही, झाडच तसं आहे.

इतिहासाचा_किडा:
फुलं-पाखरांच्या चित्रांत दोन वाटा जुन्याच आहेत. दहाव्या शतकात शू राज्याच्या दरबारात ह्वांग छ्वान होता, बारीक रेघ आणि त्यात रंग भरलेला, श्रीमंती थाट. तिकडे च्यांगनानमध्ये, म्हणजे यांगत्से नदीच्या दक्षिणेला, शू शी, शाईवर भर, बागेपेक्षा रानातल्या आणि पाणथळ जागेतल्या झाडापेडांची ओढ. पुढची हजार वर्षं टीकाकार या दोघांच्याच नावाने भांडत आले. तुमचं पहिलं चित्र ह्वांगच्या वाटेवरचं.

त्यात सम्राट ह्वेइझोंगचा (१०८२-११३५) मोठा हात. स्वतः चित्रकार होता आणि दरबारी चित्रशाळेवर त्याची नजर असे. एक गोष्ट प्रसिद्ध आहे. चित्रकारांनी उंचवट्यावर चढणारा मोर काढला. सम्राट म्हणाला, चूक. कोणालाच कळेना. मग त्यानेच सांगितलं, मोर चढताना आधी डावा पाय उचलतो, तुम्ही उजवा काढलाय. अशा शिस्तीत वाढलेली परंपरा आहे ही. सोंग काळच्या कमळात पानाची मागची बाजू फिकी दिसते आणि तिथल्या शिरा उठून दिसतात, ते निरीक्षण या शिस्तीतूनच आलंय. दुमडलेलं पान सापडलं की तेवढं जरूर बघा.

गोदाकाठ:
माझ्या मते कमळाचं मूळ आपल्याकडे शोधायला हवं. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी आहे, छतावर कमळं आहेत, हंस आहेत. बौद्ध धर्मासोबत कमळ चीनमध्ये गेलं आणि तिथल्या चित्रकारांनी उचललं. सरळ हिशोब आहे.

इतिहासाचा_किडा:
गोदाकाठ, अर्धं पटलं. बौद्ध धर्माने कमळाला नवा अर्थ दिला यात शंका नाही. वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या बौद्ध लेण्यांत छताच्या मधोमध कमळ असतं, ते त्याच प्रवाहातलं. पण फूल तिथे आधीपासून होतं. १९२३ साली हेनान प्रांतात शिनझेंगला काशाच्या मोठ्या मद्यकुंभांची जोडी सापडली. काळ वसंत-शरद पर्वाचा, म्हणजे बौद्ध धर्म चीनमध्ये पोचायच्या कित्येक शतकं आधीचा. झाकणाभोवती उमललेल्या कमळाच्या पाकळ्या आणि मधोमध पंख पसरायच्या बेतात उभा करकोचा. फूल आणि पाखरू एकत्र! जोडीतला एक कुंभ बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे, दुसरा हेनानच्या संग्रहालयात.

गोदाकाठ:
फोटो बघितला. करकोच्याने गप्प केलं. तरी अजिंठा मी सोडणार नाही :)

तळ्याकाठी:
सोडूही नका, कारण अजिंठ्याचा धागा विसाव्या शतकात पुन्हा जुळतो. चांग दाछ्येन (१८९९-१९८३) म्हणजे आधुनिक काळातला कमळांचा मोठा चित्रकार. चाळीसच्या दशकात तो दुनह्वांगला जाऊन राहिला आणि तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या. १९५० मध्ये तो भारतात आला, दिल्लीत प्रदर्शन केलं आणि दुनह्वांगशी ताडून बघायला अजिंठ्याची लेणी अभ्यासली. पुढे काही काळ दार्जिलिंगला राहिला. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरच्या बाजूने कधी गेलात तर आठवा, हा माणूस तिथे कुंचला घेऊन बसला होता.

गोदाकाठ:
ही बातमी मला नवीन! तळ्याकाठी, तुमच्या तोंडात साखर पडो.

वैशाखवणवा:
कमळ म्हणजे चिखलात राहूनही निर्मळ, हा अर्थ चीनमध्येही आहे ना?

इतिहासाचा_किडा:
आहे, आणि तो सर्वांत गाजला झोउ दुन्यी (१०१७-१०७३) या विद्वानाच्या छोट्याशा निबंधामुळे. शेवंती एकांतात राहणाऱ्याची, पिओनी धनवंतांची आणि कमळ सज्जनाचं, अशी वाटणी त्याने केली. हा कन्फ्यूशियसच्या परंपरेतला माणूस, भिक्षू नव्हे. चिखलाचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण चित्रकाराच्या कामाच्या गोष्टी त्याच्या पुढे येतात. देठ आतून पोकळ आणि बाहेरून सरळ, फांद्या नाहीत, वेलीसारखं पसरणं नाही. आणि दुरून बघावं, जवळ जाऊन हाताळू नये. म्हणजे देठाचा सरळपणा हाच स्वभाव झाला. शाईचा_थेंब यांनी देठाबद्दल लिहिलंय ते याच्याशी जोडून वाचा.

नाकासमोर:
थोडा विरोध नोंदवतो. प्रत्येक कमळात सज्जन माणूस शोधायची गरज नाही. कित्येक चित्रं सरळसरळ शुभेच्छा म्हणून काढलेली असतात. चिनी भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द भरपूर, त्यामुळे चित्र म्हणजे कोडं. कमळासोबत मासा असला तर वर्षानुवर्षं भरभराट. एक बगळा आणि कमळाची बोंडं असली तर परीक्षेत एकामागून एक यश. एका देठावर दोन फुलं किंवा सोबत मँडरिन बदकांची जोडी असेल तर लग्नाचा आहेर. तिथे चिखल आणि वैराग्य आणू नये. नव्या जोडप्याला वैराग्याचं चित्र कोण देईल?

वैशाखवणवा:
बगळा आणि बोंडं! घरात बारावीचं वर्ष आहे, फ्रेम आजच करून घेते :D

मालवणी_खाजा:
वैशाखवणवा, बगळा एकच ठेवा हो. दोन झाले तर रिपीटर व्हायचा.

शाईचा_थेंब:
परीक्षेवरून शू वेई (१५२१-१५९३) आठवला. त्याचं एक चित्र आहे, वर सुकत आलेलं कमळाचं भलंमोठं पान, खाली एक खेकडा चाललाय. खेकड्याचं कवच हे परीक्षेत अव्वल आल्याचं चिन्ह. आणि चित्र काढणारा माणूस प्रांतिक परीक्षेत आठ वेळा नापास झालेला. पुढे बायकोच्या खुनासाठी सात वर्षं तुरुंगात होता. खेकडा बघा, चार-पाच ओल्या ठिपक्यांत कवच आणि सुक्या रेघांत नांग्या. शाई अशी ओतणं-फेकणं त्याच्यापासून मोठ्या जोमात सुरू झालं. बादा शानरेनच्या मागे हा माणूस उभा आहे.

चित्रवेडी:
सगळ्यांचे किती आभार मानू! पान आणि देठ बघायला लागले आहे. पण एक गोष्ट अजून खुपते. फाटलेली, वाळलेली, मोडलेली पानं इतक्या आवडीने का काढतात? आपल्याकडे देवाला वाहायचं कमळ म्हणजे टवटवीतच.

तळ्याकाठी:
कारण त्यांच्याकडे कमळाचं अख्खं वर्ष चित्रात येतं. टोकदार गुंडाळलेलं कोवळं पान, कळी, फूल, पाकळ्या गळलेलं बोंड, मग काळवंडून देठातून मोडलेलं पान. थांग काळातला कवी ली शांगयिन लिहून गेलाय की वाळकी कमळपानं राहू द्या, त्यांच्यावर पडणारा पाऊस ऐकता येतो. पान सुकलं की आवाज बदलतो ना! तेव्हापासून वाळकं कमळ हा स्वतंत्र विषयच आहे. एकाच चित्रात कळी आणि वाळलेलं पान शेजारी दिसलं तर चूक समजू नका.

नाकासमोर:
बादा शानरेनच्या फाटक्या पानांबद्दल मात्र पुस्तकी उत्तर असं की तो मिंग राजघराण्यातला, १६४४ साली राज्य बुडालं तेव्हा विशीतही नव्हता. भिक्षू झाला, पुढे मठ सोडला, मधे वेडाचा झटका आला. म्हणून मोडलेलं कमळ म्हणजे मोडलेलं राज्य आणि डोळे वर फिरवलेलं पाखरू म्हणजे नव्या मांचू राज्यकर्त्यांना दाखवलेला तिरस्कार. मला हे फार सोयीचं वाटतं. पन्नास वर्षं माणूस फक्त रुसून चित्रं काढत नाही.

शाईचा_थेंब:
नाकासमोर, दुःख नाकारू नका. सहीच बघा ना. नावाची चार अक्षरं तो अशी जोडून लिहायचा की ‘हसतो’ आणि ‘रडतो’ दोन्ही वाचता यावं. पण तुमचा मुद्दा मला त्याच्या म्हातारपणाच्या चित्रांत पटतो, म्हणून चित्रवेडी यांनी एक गोष्ट जरूर बघावी असं वाटतं.

‘नदीवरची फुलं’ नावाची गुंडाळी, त्येनजिनच्या संग्रहालयात आहे. साल १६९७. लांबी जवळजवळ १३ मीटर. चित्राच्या शेवटी त्याने स्वतः लिहिलंय की पाचव्या महिन्यात सुरू केलं आणि आठव्यापर्यंत चाललं. म्हणजे कमळाचा ऐन बहर ते उतरती कळा, तेवढाच काळ. तेव्हा त्याने सत्तरी ओलांडली होती.

अशी गुंडाळी भिंतीवर लावून बघायची नसते. उजवीकडून उलगडायची, हातभर बघायची, मग उजवीकडचं गुंडाळत डावीकडे सरकायचं. सुरुवातीला कमळं दाटीने येतात, ओली गडद पानं एकमेकांवर चढलेली, देठ पानांमधून वाट काढतात, फुलं पांढऱ्या कागदाची, भोवती फक्त रेघ. मग काठ उंच होतो, खडक येतात, पाणी वळतं, कमळं विरळ होत जातात. एका ठिकाणी फुलं कड्याच्या पायथ्याशी खालून डोकावतात. पुढे बांबू आणि गवती फुलं, शाई सुकी होत जाते आणि चित्र पातळ होत थांबतं. त्यानंतर त्याच्याच अक्षरात लांबलचक कविता.

यात राज्य बुडाल्याचा आक्रोश मला तरी दिसत नाही. पाणी कुठेच रंगवलेलं नाही, तरी १३ मीटर पाणी वाहतं. पानं कुठे पालथी पडली आहेत आणि देठ कुठे झुकले आहेत, त्यावरून प्रवाह आणि वारा कळतो.

नाकासमोर:
हे बघितलं. शब्द नाहीत. माझा आक्षेप पुस्तकांवर होता, चित्रकारावर नव्हता, हे पुन्हा सांगतो.

रानभूल:
अवांतर: कमळकाकडीची भाजी या धाग्यात येणार का? आणि मखाणे कमळाचेच ना?

मालवणी_खाजा:
मखाणे कमळाचे नव्हेत. ती वेगळी पाणवनस्पती, पानांवरही काटे असतात. कमळाच्या बिया म्हणजे कमळगट्टा. आणि पाककृतींचा विभाग शेजारी आहे, तिथे या, मी आहेच.

सोनसळी:
सगळे शाईवाल्यांच्या बाजूने दिसतात, म्हणून बारीक रंगकामाच्या बाजूने बोलते. चित्रवेडी यांना पहिलं चित्र ‘लगेच’ आवडलं म्हणून ते सोपं ठरत नाही.

रेशमाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी देतात, म्हणजे रंग फुटत नाही. खाली कच्चं रेखाटन ठेवून वर फिक्या शाईची रेघ. मग एका हातात दोन कुंचले, एकात रंग, दुसऱ्यात नुसतं पाणी. पाकळीच्या टोकाला रंग लावायचा आणि तो सुकायच्या आत पाण्याच्या कुंचल्याने खाली ओढत विरवायचा. वाळू द्यायचं. पुन्हा तुरटी, पुन्हा रंग. तीनदा तुरटी आणि नऊदा रंग, अशी म्हणच आहे त्यांच्यात. कधी रेशमाच्या मागच्या बाजूनेही पांढरा किंवा हिरवा भरतात, म्हणजे समोरचा रंग आतून उजळतो. त्या पंख्यावरच्या पाकळीची कड शोधा. रेघ आहे, पण रंगात इतकी मुरली आहे की फूल रेघेने बांधलेलं वाटत नाही. खाली कोपऱ्यात देठ एकमेकांना छेद देतात, ते नसते तर एवढं मोठं फूल हवेत तरंगलं असतं.

आणि कमळाची ही रंगीत परंपरा दरबारापुरती नव्हती. च्यांगसू प्रांतातलं छांगझोउ शहर कमळं आणि किड्यामुंग्यांच्या चित्रांसाठी प्रसिद्ध होतं. तिथली मोठाली रेशमी कमळचित्रं जपानला गेली आणि तिथल्या मंदिरांनी सांभाळली म्हणून आज बघायला मिळतात. याच गावचा युन शोउपिंग (१६३३-१६९०). त्याने बाहेरची रेघ काढून टाकून नुसत्या रंगाने फुलं उभी केली. म्हणजे तुमच्या दोन चित्रांच्या मधली वाटही आहे.

वैशाखवणवा:
सोनसळी, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोलाचा आहे. +१

गोदाकाठ:
दोन्ही एकत्र बघायचं असेल तर छी बाइशी (१८६४-१९५७) बघा. कमळ ढोबळ शाईत, आणि कळीवर बसलेला चतुर असा की पंखाची जाळी मोजावी. कळीने टोक काढलं न काढलं तोच चतुर येऊन बसला, ही सोंग काळच्या कवितेतली जुनी प्रतिमा, त्याने ती किती तऱ्हांनी काढली असेल!

रानभूल:
एक बाळबोध प्रश्न. जुन्या चित्रांवर इतके लाल शिक्के का असतात? काही ठिकाणी फुलांपेक्षा शिक्केच जास्त.

इतिहासाचा_किडा:
चित्रकाराचे असतात आणि पुढच्या मालकांचेही. सम्राट छ्यानलोंगला (१७११-१७९९) शिक्के मारायची फार हौस, कविताही लिहायचा चित्रावरच. आवडलं की ठोक शिक्का! वैताग येतो खरा, पण चित्र कोणाकोणाच्या हातून गेलं हे त्यातूनच कळतं.

चित्रवेडी:
काल रात्री पुन्हा दोन्ही चित्रं घेऊन बसले. शाईचा_थेंब यांनी सांगितल्याप्रमाणे आधी देठ. पहिल्यांदा फुलाकडे बघितलंच नाही. एक गडद पान वरच्या कोपऱ्यातून आत झुकलंय, त्याची कड ओली आणि आतला भाग कोरडा, कुंचल्याचे केस फुटलेले दिसतात. तिथून देठ खाली येतो तो मध्ये किंचित जाड होतो, बहुधा हात तिथे मंदावला असावा. आणि ते फूल कोपऱ्यात का, तेही कळायला लागलंय. पानाचं सगळं वजन एका बाजूला, त्याला समोरून तोलून धरायला तेवढं पांढरं पुरतं. मधला कोरा भाग आता रिकामा वाटत नाही, पाणी वाटतं.

सोनसळी यांच्यामुळे पंख्याकडेही नव्याने बघितलं. पाकळीची कड शोधताना डोळे दुखले, पण सापडली.

नाकासमोर, तुमच्याशी एका बाबतीत वाद राहणार. मला त्या पाखराच्या वर फिरवलेल्या डोळ्यात राग दिसतो, आणि तो राज्यकर्त्यांवरचाच वाटतो.

नाकासमोर:
वाद चालू ठेवू, घाई नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याची कमळतळ्यातल्या पाखरांची गुंडाळी आहे, साधारण १६९० ची. संकेतस्थळावर मोठी करून बघता येते. त्यातल्या पाखरांचे डोळे बघा आणि मग बोलू.

शाईचा_थेंब:
बघताना उजवीकडून सुरू करा. संकेतस्थळ आधी पूर्ण चित्र दाखवतं, ते सोडून द्या आणि मोठं करून हातभर-हातभर सरका.

रानभूल:
मीही येते बघायला. आणि ताईपेईच्या राजवाडा संग्रहालयात फंग दायौचं कमळतळं आहे ना, बदकं आणि पाकोळ्या असलेलं? सोनसळी, त्याच्यावर लिहाल का?

सोनसळी:
सोंग काळातलं आहे ते, फार लाडकं. त्यात फुलांएवढीच मजा खालच्या शेवाळाची आणि बदकांची आहे. शनिवारी नवा धागा काढते.